मास्तरांचे एक्केचाळीस शब्द

उजव्या हाताची चार नखं वाढवलेली आणि डाव्या हाताची पाचही मुळापासून कापलेली, अशी मी तीन वर्षं वावरले. उजवीकडची किती वाढवलेली, तर बोटाच्या टोकापुढे दोन मिलिमीटर. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. दर रविवारी दानियल मास्तर पॉलिशच्या कापडात गुंडाळलेलं व्हर्नियर बाहेर काढायचे आणि अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत एकेक नख मोजायचे. जास्त भरलं तर सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग हजार नंबरच्या. करंगळी ते मोजायचे नाहीत, कारण गिटारीवर उजव्या करंगळीला काम नसतं. "करंगळी म्हंजे पावणी," मास्तर म्हणायचे. "बसायचं, बघायचं, कामाला हात लावायचा न्हाय." पुढे माझं सगळं आयुष्य फौंड्रीच्या तपासणी खोलीत व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात धरून गेलं, पण त्या उपकरणाने मी पहिली मोजलेली वस्तू म्हणजे माझंच नख.

आम्ही तेव्हा हातकणंगल्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा स्टेशनात पार्सल क्लार्क होते. दोन खोल्या, मागे न्हाणी, बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली गाड्यांचं वेळापत्रक. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की ऑफिसात घंटा वाजायची, ती आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायची. आई तिच्यावर स्वयंपाक करायची. पहिल्या घंटेला भात चढवायचा, दुसरीला उतरवायचा. गाडी उशिरा आली की आमचा भात करपायचा. पार्सलच्या वजनकाट्यावर दर महिन्याच्या एक तारखेला बाबा मला उभं करायचे आणि वजन वहीत लिहायचे. त्यांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी वाटायची नाही, आणि मी त्यांचीच मुलगी. अशा घरात मामाने पुण्याहून नायलॉनच्या तारांची गिटार आणून ठेवली तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो तिच्या आवाजाचा नव्हता. ती म्हणाली, "ही ठेवायची कुठं?" गिटार कणगीच्या मागे राहिली. आईचं खरं भांडण नखांशी होतं. "एका हाताची नखं चेटकिणीवानी आन् एका हाताची सुईणीवानी! बघणारा काय म्हणंल?" मी भाकरी थापली की पिठावर नखांच्या कोरी उमटायच्या, दोन्ही कडांना. बाबांनी एकदा ताटातली भाकरी उचलून उजेडाला धरली आणि म्हणाले, "आज भाकरी कंसात हाय." आई हसली नाही. पण रात्रीची भांडी आवरताना तिने आपला निकाल दिला. "परीक्षा हुईस्तवर भाकरी मी थापतो. तू मिरच्या खुड. डाव्या हातानं." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, मी करतो, मी जातो. अजूनही चिडले की मी तशीच बोलते.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मी कोल्हापूरला जायची. स्टेशनातून शाहूपुरीत मास्तरांच्या घरापर्यंत माझी सातशे दहा पावलं व्हायची. गिटार पाठीवर असली की सातशे तीस. मास्तर उद्यमनगरातल्या एका ऑइल इंजिनाच्या कारखान्यात फिटर होते. तरुणपणी ते स्टुडिओतल्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचे. पुढे सिनेमाचं काम मुंबईला गेलं आणि मास्तर कारखान्यात. मधल्या काळात एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी मायदेशी परतताना आपली क्लासिकल गिटारीची चार पुस्तकं त्यांना दिली होती. त्या चार पुस्तकांतून ते एकटे शिकले. कोल्हापुरात विचारायला दुसरं कोणी नव्हतं. चर्च सुटून ते घरी आलेले असायचे, अंगात पांढरा सदरा, पण बोटांच्या पेरांतलं काळं ऑइल रविवारीही निघालेलं नसायचं. त्यांची बायको मार्थाकाकू हुलग्याचं माडगं करायची, वर तुपाची धार. ते प्यायल्याशिवाय गिटारीला हात लावू द्यायची नाही. "पोटात काय न्हाय आन् हातात सूर! आधी पी." बाकीचे सहा दिवस त्या गल्लीत शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडायचा, रविवारी गिरणी बंद असायची, म्हणून शिकवणी रविवारची. त्या माडग्याचा, पॉलिश पेपरचा आणि नव्या नायलॉनच्या तारेचा मिळून जो वास होता, तो मला नंतर कुठेही एकत्र सापडला नाही. तिन्ही वस्तू आजही बाजारात मिळतात.

पाद्रीबाबांच्या पुस्तकांत सुरांच्या वर-खाली बारीक तिरक्या अक्षरांत शब्द छापलेले असायचे. कुठले इटलीचे, कुठले स्पेनचे. कसं वाजवायचं ते सांगणारे. अर्थ कुठेच दिलेला नव्हता. मास्तरांनी ते शब्द कारखान्याच्या जॉब कार्डांच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक उतरवून काढले होते, एकूण एक्केचाळीस, आणि प्रत्येकाचा अर्थ स्वतः लावला होता. काही पाद्रीबाबांनी वाजवलेलं आठवून, काही वाजवून बघून, काही नुसत्या अंदाजाने. अर्थ मात्र त्यांनी लिहिले नव्हते. ते तोंडीच. उजव्या हाताच्या बोटांना पुस्तकात पी, आय, एम, ए अशी अक्षरं होती. मास्तरांनी त्यांना पाटील, इनामदार, मुकादम आणि अण्णा करून टाकलं होतं. "पाटील खालच्या आळीत फिरतोय, त्यानं वरच्या आळीत यायचं न्हाय," म्हणजे अंगठ्याने जाड तारा सोडून पातळ तारांकडे यायचं नाही. तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवायचं याला शब्द होता आपोयांदो; मास्तरांच्या भाषेत, "शेजाऱ्याच्या दारात टेकायचं." न टेकता वरून निघून जायचं ते तिरांदो, "दारावरनं जायचं, च्या प्यायला थांबायचं न्हाय." दोल्चे म्हणजे काकवी. पोंतिचेल्लो, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या असतात तिथे जवळ वाजवायचं, तो खर्डा. "काकवी झाली, आता खर्डा वाढ," असं ते म्हणाले की माझा हात आपोआप सरकायचा. रितार्दांदो म्हणजे जोतिबाची चढण, पावलं एकदम थांबत नाहीत, एकेक करून जड होतात. आ तेंपो म्हणजे "सपाटीला आलो." पिझ्झिकातो म्हणजे तोंडात घास धरून बोलायचं. स्ताक्कातो म्हणजे भट्टीतलं चिरमुरं. हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात येतं आहे की मला मास्तरांनी एकही व्याख्या दिली नाही, आणि तरी प्रत्येक वेळी माझ्या बोटांना काय करायचं ते कळलं होतं.

त्यातली एक खूण शब्द नव्हती. अर्धवर्तुळ आणि त्याच्या पोटात एक ठिपका, सुराच्या डोक्यावर काढलेला. शिकवणी संपली की शेवटी आम्ही दोन गिटारींचा एक छोटा तुकडा वाजवायचो, पहिली गिटार माझी, दुसरी मास्तरांची. बत्तीस घरांचा तुकडा. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला मास्तर घर म्हणायचे. सोळाव्या घरात दोघांच्याही सुरावर ती खूण होती.

"हे काय, मास्तर?"

"डोळा हाय की. दिसत न्हाय तुला?"

"आन् अर्थ?"

"एकमेकाकडं बघायचं. मी तुझ्याकडं, तू माझ्याकडं. दोघांनी बघितल्याबिगर फुडं जायचं न्हाय."

"पण किती मात्रा थांबायचं?"

"मोजायचं न्हाय गं. बघायचं."

जो माणूस माझं नख मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचा, तो म्हणत होता मोजायचं नाही. मला ते अजिबात पटलं नाही. पण सोळावं घर आलं की आम्ही दोघं माना वर करायचो. सूर दोन्ही गिटारींतून एकत्र चालू असायचा, पातळ होत जायचा. मास्तरांच्या भुवया थोड्या वर जायच्या, म्हणजे आता, आणि आम्ही सतराव्या घरात एकाच वेळी पाऊल टाकायचो. कधी तो सूर तीन मात्रा टिकायचा, कधी सहा. मार्थाकाकू आतून ओरडायची, "झालं का न्हाय रं तुमचं बघून?" आणि तरी एकदाही आमचं पाऊल चुकलं नाही.

परीक्षेची टूम मास्तरांचीच. विलायतेतल्या एका संगीत मंडळाची परीक्षा पुण्यात व्हायची. तीन तुकडे वाजवायचे आणि पुस्तकातल्या शब्दांचे अर्थ तोंडी सांगायचे. मास्तर स्वतः कधी बसले नव्हते, त्यांचा एकही विद्यार्थी बसला नव्हता. मी पहिली. कारखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि मला ते सांगायचे, "वाजवण्याचं मी बघतो. शब्द तेवढं पाठ असूंदेत." परीक्षेला महिना राहिला तेव्हा एका दुपारी, मिरच्या खुडता खुडता, माझ्या डोक्यात आलं की पुण्यात गोऱ्या परीक्षकाने रितार्दांदो म्हणजे काय असं विचारलं आणि मी जोतिबाची चढण असं सांगितलं तर काय होईल. त्याला इंग्रजीत तरी ते कसं सांगायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे, मास्तरांचे अर्थ बरोबर आहेत हे कशावरून? तीन वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. एकदा पडल्यावर मात्र मला भाकरी गोड लागेना. मला त्या परीक्षेत पास व्हायचं होतं, आणि त्याहून जास्त, मास्तरांना कारखान्यात खाली मान घालायला लागू नये असं वाटत होतं. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तेव्हा खरंच असंच वाटत होतं.

कोल्हापूरच्या जुन्या वाचनालयात संगीतातल्या संज्ञांचा एक जाड इंग्रजी कोश होता. घरी न्यायला मिळत नव्हता. मी एका शनिवारी गेले तेव्हा वाचनालय बंद व्हायला एक तास दहा मिनिटं होती. एक्केचाळीस शब्द, सत्तर मिनिटं, म्हणजे शब्दामागे पावणेदोन मिनिटंसुद्धा नाहीत. मी बोटाने शब्द शोधत, अर्थ वाचत, जेवढा कामाचा तेवढा तोडून उतरवत गेले. शेवटच्या दहा शब्दांना ग्रंथपाल माझ्यामागे किल्ल्या वाजवत उभे होते. "बाई, पंखा बंद करतोय. लग्नाची यादी करताय का काय?" घरी येऊन मी फुलस्केप कागदावर शाईने आखून तक्ता केला. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात कोशातला अर्थ मराठीत, तिसऱ्यात मास्तरांचा. तिसरा रकाना अरुंद झाला होता, म्हणून त्यात मी त्यांचे अर्थ लिहिले नाहीत. नुसत्या खुणा केल्या. बरोबर असेल तिथे बरोबरची, अर्धवट असेल तिथे अर्धा, चूक असेल तिथे फुली. सव्वीस बरोबर, आठ अर्धवट, सात चूक. 'फिने' हा शब्द म्हणजे शेवट, इथे थांबा; मास्तर त्याला शाबासकी समजून त्या जागी जोरात वाजवून पुढे जायचे. 'सिमिले' म्हणजे आधीसारखंच. आम्ही तिथे तीन वर्षं हळू वाजवत आलो होतो. डोळ्याची खूण कोशाच्या शेवटच्या पानांवर सापडली होती; तिच्यापुढे मी लिहिलं, "सूर दुप्पट लांब धरणे", आणि शेजारी फुली मारली. मग बेरीज केली, आठ अर्ध्यांचे चार धरून, आणि सवयीने खाली लाल पेन्सिलीने लिहिलं. ३०/४१. त्याच्याखाली ७३.१७ टक्के. त्याला गोल केला.

बेरीज केली की गोल करायचा, एवढंच माझ्या हाताला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी माडगं पिऊन झाल्यावर मी तो कागद मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. पोरीने आईला पहिली गोल भाकरी दाखवावी तशी. मास्तरांनी चष्मा लावला. कारखान्यात ड्रॉइंग वाचतात तसं त्यांनी वरून खाली, एकही ओळ न सोडता वाचलं. फिनेपाशी थांबले. बोटाने शब्द दाबून धरला, मग पुढे गेले. तळाशी लाल गोलापर्यंत आले.

"काय हाय?" मार्थाकाकूने विचारलं.

"निकाल हाय," मास्तर म्हणाले. "पास झालो की! फस्क्लास!" आणि ते हसले. मोठ्याने हसले. "डिस्टिंक्शन तेवढं दोन टक्क्यानं हुकलं बघ."

"दोन न्हाय मास्तर, एक पूर्णांक त्र्याऐंशी," मी म्हटलं.

मार्थाकाकूने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "मास्तराला मार्क घातलंस व्हय गं, सुजाता?"

"गप बस," मास्तर तिला म्हणाले. "बरूबर केलंय पोरीनं. तीस वर्सं मी अंधारात फाइल मारत हुतो. मला कुणी सांगाय नको?" त्यांनी कागदाची घडी घातली नाही. खिळा आणि हातोडी आणून तो त्याच वेळी भिंतीवर ठोकला, व्हर्नियरच्या खुंटीशेजारी. "आजपासनं ह्येच चालायचं," म्हणाले.

आणि तसंच चाललं. मास्तर दिलेला शब्द मोडणारे नव्हते. त्या रविवारी "आता पोंतिचेल्लो," ते म्हणाले, आणि माझा हात क्षणभर जागेवरच राहिला, कारण तो खर्ड्याची वाट बघत होता. पाटील, इनामदार, मुकादम, अण्णा गेले; पी, आय, एम, ए आले. ते रागावलेले नव्हते. उलट दर खेपेला कागदाकडे मान वळवून, शब्द नीट जुळवून म्हणायचे, "टप्प्याटप्प्याने गती कमी करणे," आणि बरोबर आलं का ते माझ्याकडे बघून पडताळायचे. शाळेतल्या मुलासारखे. मी मान हलवायची. तुकडा वाजवताना सोळाव्या घरात दोन मात्रांच्या सुराचे दुप्पट चार झाले. ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फरशीवर चार मोजायचे, डोळे कागदावर. सतराव्या घरात आम्ही आता घड्याळासारखे पोचत होतो. मार्थाकाकू आतून काही ओरडत नव्हती.

परीक्षा झाली. परीक्षकाने बारा शब्द विचारले, बाराही बरोबर आले. त्या भागात मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. निकालाचं पाकीट आलं तेव्हा मास्तर ते कारखान्यात घेऊन गेले आणि लंच टाइमला सगळ्या लेथवरून फिरवून आणलं. पाकिटावर ऑइलचे अंगठे उमटले होते. ते अजून माझ्याकडे आहे. त्या तक्त्याशिवाय मी पास झाले नसते. हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलं आहे, आणि ते तसंच निघतं. आईने त्याच संध्याकाळी नेलकटर हातात ठेवलं. "चल, आता भाकरी."

पुढे कॉलेज, मग फौंड्रीतली नोकरी. रविवार कमी होत गेले. लग्न ठरल्याचं सांगायला मी पेढे घेऊन गेले तेव्हा मास्तर निवृत्त झाले होते. भिंतीवर तक्ता होता, आता काचेत बसवलेला. दोन नवी मुलं शिकून बाहेर पडत होती, एक दुसऱ्याला पाठ म्हणून दाखवत होता, "दोल्चे, गोड व मृदू." मास्तरांनी दुसरी गिटार काढली. "नखं न्हाईत तुला. असूंदे, मांसानं वाजव." आम्ही तुकडा सुरू केला. सोळावं घर आलं तशी मी मान वर केली. काही ठरवून गेले नव्हते. कदाचित ठरवूनच गेले होते. मास्तरांचे डोळे कागदावर होते. अंगठा हलत होता, एक, दोन, तीन, चार, आणि ते पुढे निघून गेले. मी मागे राहिले.

ते थांबले. "कुठं गेलतीस?"

मी सांगायला हवं होतं. तुमच्याकडे बघत होते, मास्तर. एवढंच वाक्य. ते जिभेवर आलं होतं.

"चुकलं," मी म्हटलं.

"परत घे."

दुसऱ्या वेळी मी मान खाली ठेवली आणि चार मोजल्या. आम्ही बरोबर एकत्र सतराव्या घरात गेलो.

"आता बरूबर," मास्तर म्हणाले.

त्यानंतर आम्ही एकत्र वाजवलं नाही. मास्तर गेले त्याला दोन वर्षं झाली तेव्हा मुलाचं नाव घालायला मी त्याच वाचनालयात गेले. कपाटं लोखंडी झाली होती, पण कोश जागेवर होता. मुलगा चित्रांची पुस्तकं बघत होता तोवर मी सहज डोळ्याचं पान काढलं. सूर लिहिलेल्या लांबीपेक्षा जास्त धरणे, बहुधा दुप्पट. हे मी उतरवलं होतं. त्याच्यापुढे अर्धविराम होता. आणि अर्धविरामानंतर: नेमका किती, ते वाजवणाऱ्याने ठरवावे; एकाहून अधिक वाजवणारे असल्यास त्यांनी परस्परांकडे पाहून पुढे जावे. मी उभ्याउभ्या तीनदा वाचलं. किल्ल्या वाजत होत्या म्हणून मी आकडा घेतला आणि बाकीचं सोडलं. तपासणी खोलीत मी अशा चुकीबद्दल पोरांना दोन दोन तास फैलावर घेतलं आहे.

मी तशीच रिक्षाने शाहूपुरीत गेले. मार्थाकाकू दारात तांदूळ निवडत बसली होती. तक्ता भिंतीवर होता, शाई तांबूस झालेली, लाल गोल मात्र तसाच. मी तो उतरवला, काच सोडवली, डोळ्यापुढची फुली खोडून बरोबरची खूण केली आणि खालची बेरीज बदलली. ३१/४१. ७५.६१ टक्के.

"काय लिवतीस?" मार्थाकाकूने विचारलं.

"काकू, मास्तरांना डिस्टिंक्शन मिळालं."

तिने सूप खाली ठेवलं. कागद हातात घेऊन खूप वेळ बघितला. तिला तो वाचता येत नव्हता हे मला ठाऊक होतं. "निकाल लई उशिरा लागला गं," ती म्हणाली. आणि मग आत जाऊन माडगं गरम केलं.

आता माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात मी एक ते एक्केचाळीस आकडे घातले आहेत आणि मास्तरांचे अर्थ, त्यांच्या शब्दांत, आठवतील तसे लिहिते. तिसरा रकाना तेव्हा रुंद आखला असता तर हे काम करावं लागलं नसतं. चोवीस भरले आहेत. रुबातो, म्हणजे एका सुराचा वेळ उसना घेऊन दुसऱ्याला द्यायचा, त्यापुढची ओळ गेल्या दिवाळीत अचानक भरली, चकल्या तळताना: "शेजारणीची वाटीभर साखर, आणली तशी परत द्यायची." सतरा अजून कोऱ्या आहेत. मास्तरांच्या इतर विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं. ते सगळे तक्त्यानंतरचे. त्यांना कोशातले अर्थ पाठ आहेत, आणि ते अगदी अचूक आहेत.

उजव्या हाताची नखं मी पुन्हा वाढवली आहेत. घरी भाकरी आता सून थापते. रविवारी सकाळी मी तुकड्यातली माझी पहिली गिटार वाजवते. सोळाव्या घरात मान आपोआप वर होते. समोर खिडकी आहे, खिडकीबाहेर शेजारच्यांची पाण्याची टाकी. मी मात्रा मोजत नाही. पुढे कधी जायचं ते सांगायला कोणी नाही, म्हणून सूर नुसता धरून ठेवते. घड्याळ लावून पाहिलं आहे, तो सात सेकंद टिकतो. मग आपणच विझतो, आणि मग मी पुढे जाते.